एक टॉर्पेडो, एक जहाज : ओटो क्रेचमरचं गणित

१७ मार्च, रात्री उशिरा

१९४१ साली याच तारखेला, पहाटेच्या काळोखात, आइसलंड आणि स्कॉटलंडच्या मधल्या समुद्रात यू-९९ ही जर्मन पाणबुडी बुडाली आणि तिचा कमांडर ओटो क्रेचमर ब्रिटिशांच्या हाती लागला. तोवर त्याच्या नावावर चाळीसहून जास्त जहाजं जमा होती, सुमारे २ लाख ७३ हजार टन. युद्ध पुढे चार वर्षं चाललं, शेकडो पाणबुड्या समुद्रात उतरल्या, पण त्या युद्धातल्या दुसऱ्या कुठल्याही पाणबुडी-कमांडरला हा आकडा गाठता आला नाही.

लोक हे त्याच्या धाडसाच्या खात्यावर मांडतात. धाडस होतंच. पण मला त्याच्या कामात सगळ्यात आधी गणित दिसतं.

तेव्हाची शिकवण अशी होती की मालवाहू जहाजांच्या काफिल्याच्या बाहेर, संरक्षक नौकांच्या पलीकडे थांबायचं आणि लांबून तीन-चार टॉर्पेडो पंख्यासारखे पसरून सोडायचे. एखादा तरी लागेल. क्रेचमरला हे पटत नव्हतं. त्याचं सूत्र एकच : एक टॉर्पेडो, एक जहाज. त्यामागचा हिशेब साधा आहे. विजेवर चालणारा टॉर्पेडो ३० नॉटने धावतो, म्हणजे सेकंदाला साधारण १५ मीटर. लक्ष्य ३००० मीटरवर असेल तर पोचायला सव्वातीन मिनिटं. समोरच्या जहाजाचा वेग ओळखताना एका नॉटची चूक झाली, तर तेवढ्या वेळात जहाज हिशेबापेक्षा १०० मीटर पुढे-मागे असणार. मालवाहू जहाजाची लांबी सव्वाशे मीटरच्या आसपास. नेम मध्यावर धरला तरी टॉर्पेडो बाहेरून निघून जातो. आता हेच अंतर ५०० मीटरवर आणा. टॉर्पेडोला लागतात अर्धं मिनिट, आणि तीच एका नॉटची चूक उरते जेमतेम १७ मीटरची. नेम मध्यापासून थोडा सरकेल, पण जहाज चुकणार नाही. पाणबुडीवर टॉर्पेडो असायचे १४. एकेका जहाजावर तीन-तीन उडवले तर पाच जहाजांत कोठार रिकामं आणि परत फ्रान्समधल्या लोरियां बंदराची वाट.

५०० मीटरवर जायचं तर काफिल्याच्या आत शिरावं लागतं. दोन रांगांमध्ये हजारभर यार्डांचं पाणी असतं, त्यात. आणि तेही बुडी मारून नव्हे, पाण्यावरून. इथे त्याच्या गणिताचे तीन टेकू दिसतात. पहिला अंधार : पाण्याबाहेर दिसायचा तो पाणबुडीचा बुटका बुरूज, वर आभाळाला भिडलेली जहाजं; पाणबुडीला जहाजं दिसतात, जहाजांना पाणबुडी दिसत नाही. दुसरा वेग : सातव्या वर्गातली ही पाणबुडी डिझेल इंजिनांवर, पाण्यावरून, १७ नॉटच्या वर धावायची. बुडी मारली की बॅटरीवर जेमतेम ८ नॉट, तेही थोडा वेळच. मंद काफिला ७ नॉटने चालायचा आणि त्याचं रक्षण करणारी कॉर्व्हेट १६ नॉटची. म्हणजे पाण्यावर असेपर्यंत पाणबुडीच रक्षकाला मागे टाकू शकत होती. तिसरा टेकू ॲस्डिक. ब्रिटिशांचा सगळा भरवसा या ध्वनियंत्रावर होता. पण पाण्याखाली आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकणाऱ्या यंत्राला पृष्ठभागावर तरंगणारी पाणबुडी धड सापडत नसे.

क्रेचमरचा रात्रीचा कायम हुकूम यातूनच आला होता : विनाशिका दिसली तरी पाण्यावर राहायचं, वळायचं, पळायचं. बुडी हा शेवटचा उपाय. वायरलेसही तो अगदी मोजका वापरायचा. प्रत्येक संदेश शत्रूला दिशा दाखवतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला ‘मुका ओटो’ म्हणत, त्यात स्वभावाइतकाच या सवयीचा भाग होता.

टॉर्पेडोच खोटा निघाला तर मात्र हे सगळं गणित फुकट. एप्रिल १९४० मध्ये नॉर्वेच्या मोहिमेत जर्मन पाणबुड्यांचं तसंच झालं. चुंबकीय पिस्तूल, म्हणजे जहाजाच्या लोखंडाच्या चुंबकत्वाने टॉर्पेडोचा स्फोट घडवणारा खटका, कधी वेळेआधी फुटायचं, कधी फुटायचंच नाही. वाकड्या कोनात आपटलं तर आघाताचं पिस्तूलही दगा द्यायचं. आणि टॉर्पेडो ठरवलेल्या खोलीपेक्षा खाली धावायचे. याचं कारण फार बारीक होतं. पाणबुडी बराच वेळ पाण्याखाली राहिली की आतल्या हवेचा दाब चढतो. ती हवा टॉर्पेडोच्या खोली ठरवणाऱ्या कप्प्यात झिरपायची आणि टॉर्पेडोला वाटायचं आपण ठरल्यापेक्षा वर आहोत. म्हणून तो आणखी खाली जायचा, जहाजाच्या तळाखालून. हे नेमकं कळायला १९४२ उजाडलं. यू-९९ नौदलात दाखल झाली ती १८ एप्रिल १९४० ला, कीलमध्ये, म्हणजे नेमकी या गोंधळाच्या दिवसांत.

१८ ऑक्टोबर १९४० च्या रात्री एससी-७ या काफिल्यात आत शिरून मारायचं क्रेचमरचं तंत्र पूर्ण भरात दिसलं. कॅनडाहून निघालेल्या ३५ जहाजांतली २० त्या सफरीत बुडाली. त्यातली सहा एकट्या यू-९९ ची. त्यात फिस्कस होतं, पोलादाने भरलेलं. पोलाद भरलेलं जहाज तरंगत राहत नाही, दगडासारखं जातं. त्यावरच्या ३९ माणसांतला एक वाचला. टनांची बेरीज करताना मी या आकड्यापाशी दर वेळी थांबतो. टनांचा तक्ता सगळीकडे छापलेला मिळतो, माणसांचा शोधावा लागतो. ब्रिटिश मालवाहू जहाजांवर कोकणातले आणि गोव्यातले खलाशी हजारोंनी राबत होते, हे आपल्याकडेही फारसं कुणी आठवत नाही.

सूत्राला अपवादही झाले. नोव्हेंबर १९४० मध्ये त्याने लॉरेंटिक आणि पॅट्रोक्लस ही दोन मोठी सशस्त्र प्रवासी जहाजं बुडवली. त्यांच्या पोटात तरंगण्यासाठी रिकामी पिंपं भरलेली होती, त्यामुळे एकेकाला टॉर्पेडोमागून टॉर्पेडो मारावे लागले. महिन्याभरात फोरफार बुडालं, त्यावर १७० च्या आसपास माणसं गेली.

एक वेगळी नोंदही ठेवायला हवी. सप्टेंबर १९४० मध्ये, बुडवलेल्या जहाजावरचा एक खलाशी तराफ्यावर एकटाच उरलेला दिसला, तेव्हा क्रेचमरने त्याला वर घेतलं आणि पुढे दुसऱ्या जहाजाच्या जीवनौकेत सोडलं. हाच माणूस हिटलरच्या राजवटीसाठी लढत होता आणि तिची पदकं गळ्यात घालत होता. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

आता आजची रात्र. काफिला एचएक्स-११२. क्रेचमर आत शिरला, पाच जहाजं बुडवली, एकाचं नुकसान केलं. टॉर्पेडो संपले. तो परत निघाला. इकडे व्हॅनॉक या विनाशिकेवर रडार बसवलेलं होतं, अजून प्राथमिक, अडखळणारं. पण त्याने पाण्यावरची यू-१०० अंधारात पकडली, व्हॅनॉकने तिला धडक दिली, आणि तिचा कमांडर योआखिम शेपके मेला. पहिला टेकू गेला : अंधार आता लपवत नव्हता.

यू-९९ ला रडारने पकडलं नाही. तिच्यावरच्या पहारेकऱ्याला अचानक जवळच विनाशिका दिसली आणि त्याने कायम हुकूम मोडून बुडी मारली. त्याला मी फार दोष देत नाही. इतक्या जवळ ते काळं धूड उभं पाहून कुणाचाही हात बुडीच्या घंटीकडे जाईल. पण बुडी मारताच वेग गेला आणि ॲस्डिक जिवंत झालं. वॉकर या विनाशिकेला प्रतिध्वनी मिळाला. डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, पडले. इंधनाच्या टाक्या फुटल्या, पाणबुडीला ढकलणारे पंखे थांबले, ती २०० मीटरच्याही खाली घसरत गेली. लोखंड तेवढा दाब फार वेळ सोसत नाही. शेवटी उरलीसुरली हवा टाक्यांत सोडून ती वर आली, ती थेट तोफांच्या पुढ्यात. क्रेचमरने दिव्याने इंग्रजीत कळवलं की आम्ही बुडतोय, माझ्या माणसांना वाचवा. ही इंग्रजी सतराव्या वर्षी एक्सेटरमध्ये राहून शिकलेली. ४३ पैकी ४० जण वाचले. इंजिनीअर पाणबुडी नक्की बुडावी म्हणून परत खाली गेला, तो वर आला नाही.

वॉकरचा कॅप्टन होता डोनाल्ड मॅकिन्टायर. क्रेचमरच्या गळ्यातली झाइसची दुर्बीण त्याने ठेवून घेतली आणि उरलेलं युद्ध ती वापरून पाणबुड्या शोधल्या.

पुढची जवळपास सात वर्षं कैदेत. आधी इंग्लंडमधलं ग्रिझडेल हॉल. तिथे कैदी अधिकाऱ्यांनी आपलंच ‘सन्मान न्यायालय’ भरवलं आणि विमानापुढे शरण गेलेल्या यू-५७० च्या अधिकाऱ्यांना भ्याड ठरवलं. या न्यायालयाच्या प्रमुखपदी क्रेचमर होता. कलंक धुवायला म्हणून यू-५७० चा पहिला अधिकारी, बर्नहार्ट बेर्न्ट, ती पाणबुडी बुडवायला कैदेतून पळाला आणि गोळी लागून मेला. क्रेचमरच्या चरित्रातलं हे पान मला सगळ्यात जड जातं. समुद्रात माणसं जपणारा हा कमांडर इथे एका सहकाऱ्याला मरणाकडे ढकलणाऱ्या निवाड्याचा धनी आहे.

नंतर कॅनडातला बोमनव्हिल कॅम्प. १९४३ मध्ये तिथून बोगदा खणून पळायचं आणि न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर यू-५३६ ने उचलायचं, असा घाट होता. निरोप पत्रांतल्या सांकेतिक भाषेत जायचे. कॅनडाच्या पोलिसांना त्याचा सुगावा लागला, बोगदा फसला, आणि वेगळ्या वाटेने एकटा वोल्फगांग हायडा निसटला. तो ठरलेल्या किनाऱ्यापर्यंत पोचला आणि तिथेच पकडला गेला. सापळा ओळखून यू-५३६ निघून गेली.

१९४७ च्या डिसेंबरात क्रेचमर सुटला. १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीच्या नव्या नौदलात आला, आणि त्याच वर्षी मॅकिन्टायरने ती दुर्बीण त्याला परत दिली. १९५७ मध्ये त्याच्याकडे पहिल्या संरक्षक ताफ्याची सूत्रं आली, म्हणजे काफिला राखण्याचंच काम. १९६५ पासून तो कीलमध्ये नाटोच्या बाल्टिक नौदल मुख्यालयात चीफ ऑफ स्टाफ होता, आणि १९७० मध्ये फ्लोटिला ॲडमिरल म्हणून निवृत्त झाला.

१९९८ च्या ऑगस्टमध्ये, लग्नाच्या पन्नाशीनिमित्त डॅन्यूब नदीवरच्या सफरीत त्याला बोटीवर अपघात झाला. ५ ऑगस्टला श्ट्राउबिंगच्या रुग्णालयात तो गेला. वय ८६.