तीनशेचा हट्ट

चतुर्थी तोंडावर आली की आमच्या फ्लेक्स प्रेसमध्ये ‘जेवलात का’ असं कुणी विचारत नाही. ‘आमचं मशीनला लागलं का’ एवढंच विचारतात. इचलकरंजीतल्या या दुकानात आलेल्या फाइली तपासून रिपवर, म्हणजे छपाईच्या मशीनला फाइल समजावणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोडायचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवशी दुकान उघडत होतं तोवरच एका मंडळाचा डिझायनर पोरगा लॅपटॉप छातीशी धरून दारात उभा. डोळे तांबारलेले.

“ताई, रात्रभर एक्स्पोर्ट मारतोय. निम्म्यावर जातंय आन् एरर देतंय. कोरल सॉफ्टवेअर काढून परत टाकून बघितलं, तरी तेच.”

सोबत मंडळाचे दोघे होते. एकाचं निदान तयारच होतं : “रॅम कमी पडतीया. वाढवूया म्हटलं तर ह्यो ऐकत न्हाई.”

फाइल उघडायला लावली. ४० बाय २० फुटांचा बोर्ड. मध्ये बाप्पा, खाली शुभेच्छुकांचे गोल फोटो, वर मंडळाचं नाव जाड पांढऱ्या आउटलाइनमध्ये. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू. मग एक्स्पोर्टची खिडकी उघडली आणि रिझोल्यूशनचा, म्हणजे इंचाला किती पिक्सेल याचा, रकाना बघितला. ३००.

“तीनशे कशाला?”

“कोर्समध्ये शिकवलंय. प्रिंटला तीनशेच द्यायचं.”

मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. ४० फूट म्हणजे ४८० इंच. गुणिले ३००, म्हणजे रुंदी १,४४,००० पिक्सेल. उंची ७२,०००. सीएमवायकेचे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, चार चॅनेल, प्रत्येक पिक्सेलला प्रत्येकी एक बाइट. गुणाकार ४१ जीबीच्या पुढे गेला. आणि तो जेपेग काढायला बसला होता! जेपेगमध्ये रुंदी आणि उंची लिहायला दोन-दोनच बाइट ठेवलेले असतात, त्यामुळे कुठलीही बाजू ६५,५३५ पिक्सेलच्या वर जाऊच शकत नाही. साधी टिफ फाइल घेतली तर तीही ४ जीबीला अडते. रॅम कितीही वाढवली असती तरी हे आकडे काही हलले नसते, मंडळाच्या वर्गणीतून पैसे तेवढे गेले असते.

पुस्तक, मासिक आपण हातात धरून वाचतो, तिथे तीनशे ठीक. हा बोर्ड चौकात, समोरच्या फुटपाथवरून बघायचा. एवढ्या मापाला आम्ही ७२ घेतो, कधी त्याहूनही कमी. आणि मजा म्हणजे शुभेच्छुकांचे फोटो सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले. जेमतेम हजार पिक्सेल रुंदीचा चेहरा तीन फुटांच्या गोलात बसवला की त्याला इंचाला तीससुद्धा पिक्सेल मिळत नाहीत. म्हणजे रात्रभर लॅपटॉप जे पिक्सेल मोजत होता, त्यातले बहुतेक हवेतलेच.

“पीडीएफ पण केली होती,” पोरगा म्हणाला. “पान दोनशे इंचांच्या वर घेत न्हाई म्हणून दहाव्या हिश्शाला लहान केलं. एक्स्पोर्ट झाली, पण फॉन्ट खराब झाला.”

पीडीएफच्या पानाची जुनी मर्यादा २०० इंचांचीच. पुढच्या आवृत्त्यांत त्यावर तोड निघाली, पण ती पाळली जाईलच या भरवशावर सणाच्या गर्दीत मी बसत नाही. ४८ बाय २४ इंचांचं पान करायचं आणि रिपमध्ये हजार टक्के मोठं करायचं, हाच खात्रीचा रस्ता. तिथवर त्याचं बरोबर होतं. फाइल उघडली तर मंडळाचं नाव म्हणजे नुसते पांढरे गोळे. ‘श्री’ची वेलांटी गायब, अनुस्वार बुजलेले. फॉन्टचा काही दोष नव्हता. अक्षरं दहापट लहान झाली, पण आउटलाइनची जाडी होती तेवढीच राहिली आणि तिने अक्षरं गिळली. आउटलाइन पेनमध्ये ‘स्केल विथ ऑब्जेक्ट’ची खूण केलेली नव्हती. मूळ फाइलवर ती खूण केली, मग लहान केलं. नाव जसंच्या तसं.

मराठी मजकूर त्याच्याकडूनच कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह, म्हणजे फॉन्ट न लागणारे नुसते आकार, करून घेतला. त्याचा फॉन्ट आमच्या मशीनवर नव्हता आणि जुन्या फॉन्टातलं मराठी दुसरीकडे उघडलं की ‘गणपती बाप्पा मोरया’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. असे बोर्ड छापून लागलेले मी पाहिलेत.

एक जागा मात्र अजून बाकी होती. पीडीएफच्या सेटिंगमध्ये फोटो तीनशेपर्यंत खाली आणायचा पर्याय आपोआप चालू असतो. एरवी चांगलाच. पण इथे पान दहापट मोठं होणार, म्हणजे ते तीनशे छापताना तीसच. बाप्पाचं चित्र पोराने चांगलं मोठ्या मापात मिळवलं होतं, ते उगाच पुसट झालं असतं. तो पर्याय बंद केला. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला : सकाळपासून तीनशे जास्त म्हणून ऐकत होता, आता तेच कमी.

पीडीएफ काही मिनिटांत निघाली. पण रिपमध्ये बघते तर जोड नेमका बाप्पाच्या डोळ्यांवरून. आमचं मशीन दहा फुटी, त्यामुळे वीस फूट उंची दोन पट्ट्यांत छापून चिकटवावी लागते आणि जोड बरोबर मधोमध येतो. चित्र वर सरकवून जोड पितांबरावर घेतला. मंडळाच्या दोघांना एवढी एकच गोष्ट मनापासून पटली. “ताई, हे बेस केलं बघा.”

दुपारी छपाई लागली, संध्याकाळी रिंगा मारून बोर्ड टेम्पोत चढला.

तो पोरगा आता आमचं नेहमीचं गिऱ्हाईक आहे. बोर्डाची फाइल डोळे झाकून घ्यावी अशी पाठवतो. फक्त गेल्या महिन्यात एका दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड पाठवलं, तेही ७२ला. फोन केला तर म्हणाला, “तुम्हीच सांगितलं होतं की.”