जेडचे प्राणी तपासताना

आमच्या रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत दिवसभर हिरे, माणिक आणि पाचू यांचीच ये-जा असते. जेड क्वचित येते, आणि आले तरी बहुधा एखादी बांगडी किंवा अंगठीतला खडा असतो. त्यामुळे एका पारशी कुटुंबातील वयस्क बहीण-भाऊ जेडच्या प्राण्यांनी भरलेला लाकडी डबा घेऊन आले, तो दिवस माझ्या मनात ठसून राहिला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईचे पारशी व्यापारी कापूस आणि अफू घेऊन चीनमधील कँटन बंदराला जात आणि येताना रेशीम, चिनी मातीची भांडी, भरतकामाच्या गारा साड्या असा माल आणत. हे प्राणीही पणजोबांनी तिकडूनच आणले, असे घरात सांगत आले होते. आता वाटण्या व्हायच्या होत्या, आणि प्रत्येक वस्तू कशाची व किती जुनी आहे, हे त्यांना लेखी हवे होते.

यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर उपकरणे देतात. जेड या एका नावाखाली दोन वेगळी खनिजे येतात. चीनमध्ये हजारो वर्षे घडवले गेले ते नेफ्राइट. ब्रह्मदेशातील हिरवेगार जेडाइट तेथे मोठ्या प्रमाणावर पोहोचू लागले ते अठराव्या शतकात. वस्तू आधी हवेत आणि मग पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व काढले, की नेफ्राइट २.९५ च्या आसपास येते आणि जेडाइट ३.३३ च्या आसपास. डब्यातला सर्वांत देखणा, पोपटी रंगाचा सिंह जेमतेम २.६ वर थांबला. प्रकाश दगडात शिरताना किती वळतो ते सांगणारा वक्रीभवनांकही १.५६ च्या जवळ आला, म्हणजे तो जेडसारख्या दिसणाऱ्या सर्पेंटाइन या खनिजाचा होता. बाईंचा त्याच्यावर फार जीव होता. काम सुबक आहे, दगड मात्र जेड नाही, हे मी त्यांना स्पष्टपणे सांगितले आणि त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

माझा बराचसा वेळ गेला तो करड्या-हिरव्या रंगाच्या, तळहातावर मावणाऱ्या म्हशीवर. ती नेफ्राइटची होती, याबद्दल तोलकाट्याने शंका ठेवली नाही. चारही पाय पोटाखाली मुडपलेले, मान मागे वळवून हनुवटी कुशीवर टेकवलेली, शिंगे पाठीला चिकटून गेलेली आणि शेपूट मांडीवरून फिरवून आणलेली. कुठेही काही सुटे, बाहेर आलेले नाही. पाठीच्या कण्यावर तपकिरी रंगाचा पट्टा होता, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो वरून चढवलेला रंग नसून गोट्याची मूळ साल असल्याचे दिसले. आजच्या पश्चिम चीनमधील खोतानजवळ कुनलुन पर्वतातून उतरणाऱ्या युरुंगकाश आणि काराकाश या नद्यांच्या पात्रांत नेफ्राइटचे असे सालीसकट गोटे सापडतात. कारागिराने ती साल घासून न टाकता कण्यावर राखली होती, आणि त्यामुळे म्हैस नुकतीच चिखलातून उठून आल्यासारखी वाटत होती.

ही बसण्याची ढब केवळ हौसेची नाही. नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू एकमेकांत इतके घट्ट गुंतलेले असतात, की छिन्नी-हातोड्याने त्याचे हवे तसे टवके निघत नाहीत. फिरत्या चकतीखाली ओली, कठीण वाळू देऊन तो दगड तासन् तास झिजवावा लागतो. माल महाग आणि काम संथ, म्हणून कारागीर आधी गोटा निरखतो आणि त्याच्या गोलाईत मावेल असा प्राणी निवडतो. हा सगळा विचार त्या वळलेल्या मानेत दिसतो, आणि माझ्या मते चिनी जेडमधील प्राण्यांचे खरे मोठेपण त्यातच आहे.

दुसरा प्रश्न वयाचा, आणि तेथे यंत्रांचे फारसे चालत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी तयार झालेला दगड कोणत्या साली घासला गेला, हे त्याच्या घनतेवरून कळत नाही. भाऊंचा भर होता एका चपट्या सिकाडावर, म्हणजे उन्हाळ्यात झाडावर बसून किर्र आवाज करणाऱ्या कीटकाच्या आकृतीवर. चीनमध्ये हान घराण्याच्या काळात मृताच्या जिभेवर जेडचा सिकाडा ठेवीत, हे त्यांनी वाचले होते. “अहो, हा दोन हजार वर्षांचा आहे असं तुम्ही लिहून द्या,” असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. मी त्यांना सूक्ष्मदर्शकापाशी बसवले आणि डोक्याजवळचे बारीक भोक दाखवले. जिभेवर ठेवण्याच्या सिकाडाला भोक नसते. ज्याला भोक असते तो दोऱ्यात ओवून अंगावर वागवण्यासाठी केलेला असतो. शिवाय भोकाच्या आतल्या रेषा एकसारख्या, समान अंतराच्या होत्या. वाळूने झिजवत नेलेल्या जुन्या भोकात त्या कमीजास्त खोल आणि वेड्यावाकड्या असतात. ही खूण हिऱ्याच्या आधुनिक ड्रिलची होती. ते बराच वेळ भिंगातून पाहत राहिले.

म्हशीच्या कोरीव रेषा मात्र छोट्या चकतीने तुटक तुटक, एकावर एक चढवत नेलेल्या होत्या, म्हणजे काम जुन्या पद्धतीचे होते. १७५९ मध्ये चीनच्या छ्येनलुंग सम्राटाच्या सैन्याने खोतानचा प्रदेश जिंकला आणि त्यानंतर चिनी कार्यशाळांना नेफ्राइट मुबलक मिळू लागले. ही म्हैस त्यानंतरच्या शंभरेक वर्षांतली असावी, असा माझा कयास आहे. पण कयास अहवालात लिहिता येत नाही. मी तेथे खनिजाचे नाव, वजन, मोजमापे आणि हत्यारांच्या खुणांचे वर्णन एवढेच दिले. काळासाठी तज्ज्ञांचे मत घ्यावे आणि त्याआधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातील चिनी वस्तू नीट पाहून याव्यात, असे सुचवले.

वस्तू परत डब्यात ठेवताना सिंहाच्या कुशीवर बारीक चरे दिसले. सर्पेंटाइन नेफ्राइटपेक्षा मऊ असते आणि डब्यात सगळे प्राणी मोकळेच ठेवलेले होते. म्हणून प्रत्येकाला मलमलीच्या वेगळ्या तुकड्यात गुंडाळून ठेवायला सांगितले, आणि बाईंनी सिंहापासूनच सुरुवात केली.