बटाट्याचा तास

आमची लेक बर्लिनमध्ये तिसरीत आहे. एप्रिलमध्ये तिच्या वर्गाने बटाटे लावले हे सांगितलं, तर नागपूरहून आजीचा फोनवर पहिला प्रश्न, "पोट्टीले मातीत खेळाले शाळेत पाठवता का? मंग फी कायची भरता?" सरकारी शाळा आहे, फी नाही, म्हटल्यावर गप्प बसली.

इथे शहरातल्या शाळांसाठी खास राखलेल्या मोठ्या बागा आहेत. गार्टनआर्बाइट्सशूल, म्हणजे बागकामाची शाळा, म्हणतात. पहिली १९२० साली नॉयकोल्न या कामगारवस्तीत आउगुस्ट हाइन या शिक्षकाने सुरू केली. वर्गाला एक वाफा मिळतो आणि पोरं शाळेच्याच वेळेत तिथे जातात. सहल नव्हे, तास. मला यातलं आवडलं ते एवढंच, की दर वेळी त्याच वाफ्यावर जायचं.

एकदा मदतीला म्हणून मीही गेले. बटाट्याच्या पानामागे पिवळ्याजर्द अंड्यांचे पुंजके होते, बटाट्याची पानं खाणाऱ्या कोलोराडो भुंग्याचे. बाई काही सांगत नव्हत्या, फक्त पानं उलटायला लावत होत्या. लालसर, गुबगुबीत अळ्या पोरं हाताने वेचून डबीत टाकत होती. एक मुलगा "ई" करत लांब उभा होता. त्याला कोणी ओढून आणलं नाही. तास संपेपर्यंत सगळ्यात भरलेली डबी त्याचीच होती.

आता आपलं. परिसर अभ्यासाचं पुस्तक आहे, जुलैत वनमहोत्सव आहे, पाहुण्यांच्या हस्ते रोप आहे, फोटो आहे. पुढच्या आठवड्यात त्या रोपाकडे कोणी फिरकत नाही. नागपूरच्या गोरेवाड्याची सफारी छानच, पण वर्षातून एकदा बसच्या खिडकीतून वाघ बघून मूल वाघच बघतं, गवत नाही.

आणि खरं सांगू, आपल्याकडे सोय जास्त आहे. कढीपत्त्याची एक कुंडी पुरते. त्यावर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालतं. त्याची लहान अळी पानावर हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे कोणी खाऊ नये. मोठी झाली की हिरवीगार. हलकेच टोचलं तर डोक्यामागून लाल शिंगं काढते आणि घाण वास सोडते. हे एकदा पाहिलेलं पोर जन्मात विसरत नाही.

संत्र्याचंही तसंच. काटोल-कळमेश्वरकडची एखादी ओळखीची बाग धरायची आणि तिथेच दोनदा जायचं. जुलैत अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, फळं हिरवी, टणक असतात आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची, फुलं येत असतात. दिवाळीनंतर तीच अंबियाची फळं तोडणीला. अंबिया धरायचा की मृग, हे कसं ठरवतात, ते शेतकरी काका कोणत्याही पुस्तकापेक्षा बरं सांगतील.

अडचण एकच, सुट्टीची. इथेही उन्हाळ्यात सहा आठवडे शाळा बंद असते, पण बागेत माणसं असतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंशांत शाळेची बाग कोण जगवणार? म्हणून झाडं लावूच नका म्हणते मी. जूनअखेरीस शाळा उघडली की भेंडीचं बी टोबा. ऑगस्टमध्ये डब्यात येते.

धाकट्या जाऊबाई तिकडे शाळेत शिकवतात. त्यांना हे सगळं लिहून पाठवलं. उत्तर आलं: "वहिनी, जागा आहे, मुख्याध्यापकही हो म्हणतील. पण पालकांच्या ग्रुपवर युनिफॉर्म मळला म्हणून भांडण होईल, ते तुम्ही सांभाळा."