लिहिणं अडलेलं असताना मालगुंड (गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी पण वाचा)

मालगुंड म्हणजे गणपतीपुळ्याच्या अगदी शेजारचं गाव, दोनेक किलोमीटर, चालत पण जाता येतं. कोकण रेल्वेनं रत्नागिरी, स्टेशन गावाच्या बाहेर आहे म्हणून तिथून रिक्षा, मग एसटी. गाडी आरे-वारे मार्गे जाते का ते कंडक्टरला आधी विचारा, सगळ्या जात नाहीत, आणि जात असेल तर डावीकडची खिडकी पकडा. चढावरून खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात ना, तेवढ्यासाठी हा रस्ता घ्यायचा.

मी गेलो कारण कथासंग्रह अडकला होता. लिहून होत होतं पण दुसऱ्या दिवशी वाचलं की वाटायचं, हे कुणाला हवंय, आणि छापलं तरी कोण वाचणार. पुळ्याच्या किनाऱ्यावर वही घेऊन बसलो तर तो प्रश्न तिथेही तसाच, वर वारा एवढा की पानं धरून ठेवण्यातच वेळ जातो. लिहायचं असेल तर सकाळी खोलीवर बसा, समुद्रावर नुसतं चाला. आणि पाण्यात लांब जाऊ नका, इथला समुद्र वरून शांत दिसला तरी आत ओढतो, दरवर्षी माणसं जातात.

खरं काही मिळालं ते मालगुंडात, केशवसुतांच्या स्मारकात. कोमसापनं (कोकण मराठी साहित्य परिषदेनं) उभं केलंय, त्यांचं जन्मघर जपलंय, कविता लावल्यात, उभ्या उभ्या वाचता येतात. १८६६ चा जन्म, आयुष्यभर मास्तरकी, मुंबई, खानदेशात फैजपूर, शेवटी धारवाड, आणि १९०५ मध्ये हुबळीला प्लेगनं गेले, चाळिशीही गाठली नाही. उपलब्ध कविता सगळ्या मिळून सुमारे १३५. आणि पुस्तक? जिवंतपणी एकही नाही! संग्रह आला तो गेल्यावर, हरि नारायण आपट्यांनी काढला. हे शाळेत वाचलं असेलही, पण त्या घरात उभं राहून वाचलं तेव्हा घशाशी आलं. ज्या माणसापासून आपण आधुनिक मराठी कविता मोजतो त्यानं स्वतःचं पुस्तक हातात घेतलं नाही, तरी लिहीत राहिला, आणि मी छापल्यानंतरची काळजी लिहायच्या आधीच करत बसलेलो. शंका गेली असं नाही म्हणणार, पण रात्री खोलीवर येऊन अर्धी पडलेली कथा उघडली आणि दोन पानं पुढे सरकली, त्यातलं एक चांगलं आहे.

स्मारकाला निवांत अर्धा दिवस ठेवा, लोक देवळातून निघून जयगड किल्ल्याला पळताना दहा मिनिटांत उरकतात, तसं करू नका. अंगारकी, संकष्टी आणि रविवार टाळा, खोल्या मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग. मे महिन्यात आंब्यासाठी जाणार असाल तर परतीचं रेल्वे तिकीट आधी काढून ठेवा, नाहीतर रात्रीच्या एसटीशिवाय पर्याय नाही.