तुम्ही विचारलंत म्हणून: वेल्समध्ये दुसऱ्याच्या शेतातून चालताना कुणी हटकत नाही का?

वेल्समधल्या डोंगरांवरचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले की हवापाण्याची चौकशी फारशी होत नाही. विचारतात ते हे: "मागे मेंढ्या चरतायत, कुंपण दिसतंय, म्हणजे शेत कुणाचं तरी आहे. तुम्ही आत कशा काय? कुणी हटकत नाही?" प्रश्न रास्त आहे. गावाकडे वाढलेलं माणूस दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवताना दोनदा विचार करतं.

तर, नाही हटकत. कारण मी त्याच्या शेतात नसतेच, रस्त्यावर असते. जमीन त्याची, गवत त्याचं, मेंढ्याही त्याच्या. पण त्या गवतातून गेलेली वाट सार्वजनिक आहे आणि कायद्याच्या लेखी तीही एक रस्ताच. ती डोळ्यांना दिसेलच असं नाही. पुष्कळदा समोर नुसतं हिरवं कुरण असतं. पलीकडच्या कुंपणाला चढायला दोन लाकडी पायऱ्या आणि शेजारच्या खांबावर पिवळा बाण, एवढीच खूण. पिवळा म्हणजे फक्त पायी. निळा असेल तर घोडा आणि सायकललाही मुभा.

मी कार्डिफला राहते. तिथून आगगाडीने पाऊण तासात ॲबर्गवेनी येतं आणि या गावाभोवती तीन डोंगर आहेत: शुगर लोफ, स्किरिड आणि ब्लोरेंज. शुगर लोफ ५९६ मीटर, बाकीचे दोन त्याहून बुटके. कळसूबाईचे १६४६ मीटर चढून आलेली मंडळी हे आकडे ऐकून हसतात. हसू द्या. वर ढग उतरला आणि वाऱ्यासकट आडवा पाऊस सुरू झाला की ५९६ मीटरवरही बोटं बधिर होतात आणि दहा पावलांपुढचं दिसत नाही. नकाशा, होकायंत्र आणि कोरडे मोजे उन्हाळ्यातही पाठीवर हवेतच.

शुगर लोफला जायच्या वाटा बऱ्याच. माझी आवडती सेंट मेरीज व्हेलमधून जाणारी. गावाबाहेरची बोळकांडी संपली की ओकचं रान लागतं. वेड्यावाकड्या फांद्या, खोडांवर बोटभर जाड शेवाळ, बाजूने ओढा. मे महिन्यात इथल्या रानांत ब्लूबेल फुलतात तेव्हा जमीन निळी होते, अक्षरशः. झाडी संपली की नेच्याचं रान, मग हेदर म्हणजे जांभळ्या फुलांची बुटकी झुडपं, आणि हेदरमध्ये लपलेली व्हिनबेरीची झुडपं. जुलै-ऑगस्टमध्ये ती इवलीशी काळी-निळी फळं करवंदांसारखी वाकून वाकून शोधायची, खायची आणि जीभ जांभळी करून घ्यायची. माथ्यावर सर्वेक्षणाचा पांढरा खांब आणि वारा. किल्ला नाही, देऊळ नाही, चहाची टपरी तर नाहीच. (हा दुसरा नेहमीचा प्रश्न: "मग वर आहे काय?")

देऊळ म्हणाल तर स्किरिडच्या माथ्यावर होतं म्हणायचं. सेंट मायकेलचं छोटं चॅपल. आज दाराच्या जागी दोन दगड तेवढे उभे आहेत. या डोंगराची पश्चिमेकडची कड तुटून खाली आलीय. दरड कोसळली, इतकंच खरं. पण लोककथा सांगते की येशूला क्रुसावर चढवलं त्या घटकेला डोंगर दुभंगला. म्हणून इथली माती पवित्र. आसपासचे शेतकरी पूर्वी ती मूठमूठ नेऊन पीक चांगलं यावं म्हणून शेतात टाकायचे.

पण मुद्दा वाटेचा. १९४९ साली कायदा झाला आणि प्रत्येक भागातल्या सार्वजनिक वाटांची अधिकृत नोंद करायचं ठरलं. गावोगावच्या पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या जवळपास जाणाऱ्या संस्थांनी, आपल्या हद्दीतल्या वाटा तपासून यादी दिली. शाळेची, चर्चची, गिरणीची, खाणीवर कामाला जायची, अशा त्या वाटा. ज्यांचं काम संपलं त्याही नकाशावर राहिल्या. लोक २० वर्षं विनाअडथळा, उघडपणे, हक्काने एखाद्या वाटेने चालत असतील तर ती सार्वजनिक मानायचीही तरतूद आहे. मग २००० सालचा कायदा आला. वेल्समध्ये तो २००५ पासून लागू झाला आणि डोंगरमाथे, माळरानं, गावची सामाईक चराऊ राने यांवर वाट सोडूनही पायी फिरायची मोकळीक मिळाली. तंबू ठोकायची मात्र नाही. त्याला मालकाची परवानगी लागते.

हे सगळं कागदावर छान, प्रत्यक्षात काटेरी. नकाशावर ठसठशीत दिसणारी वाट जागेवर काटेरी झुडपांनी गिळलेली असते, पायऱ्या कुजलेल्या असतात, बाण कुणी तरी फिरवून ठेवलेला असतो. म्हणून मोबाइल असला तरी ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा, कागदी नकाशा घ्याच. या भागाला ओएल १३ क्रमांकाचा. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर, त्यामुळे एकेक कुंपण दिसतं आणि सार्वजनिक वाट हिरव्या तुटक रेषेने. वाट कुंपणाच्या अलीकडून की पलीकडून, हे त्यावरूनच कळतं.

बदल्यात आपण पाळायचं काय? फाटक जसं असेल तसं सोडायचं. उघडं असेल तर उघडं, कारण पलीकडे पाणी असतं आणि मेंढ्यांना तिथवर जायचं असतं. कुत्रा दोरीवर. फक्त गायी अंगावर आल्या तर दोरी सोडून द्यायची. त्यांचा राग कुत्र्यावर असतो. वासरांसोबतच्या गायींपासून लांबच राहा. वळूची भीती सगळ्यांना वाटते, मला वासराच्या आईची जास्त वाटते. दुभत्या जातीचा दहा महिन्यांवरचा वळू सार्वजनिक वाटेच्या शेतात मोकळा सोडायला कायद्याने बंदी आहे. आईला तशी बंदी नाही.

हटकलं नाही, पण थांबवलं होतं एकदा. मार्चअखेर, मेंढ्या विण्याचा हंगाम. शेतकरी क्वाड बाईकवरून आला, पुढे कोटात गुंडाळलेलं ओलं कोकरू, मान बाहेर काढलेलं. म्हणाला, वाट तुमचीच आहे, पण खालच्या कोपऱ्यात दोन मेंढ्या अडल्यायत, आज वरच्या कुंपणाने गेलात तर बरं होईल. गेले. हक्काची भाषा न करता काम झालं, दोघांचंही. तो मग दहा मिनिटं लोकरीच्या भावाबद्दल बोलत बसला. लोकर विकून कातरणीचीही मजुरी निघत नाही म्हणे.

आमच्या मामांना यातलं बाकी काही पटलं नाही, पण एक कलम फार आवडलं. शेताच्या मधून वाट जात असेल तर शेतकऱ्याला ती नांगरता येते, पण १४ दिवसांच्या आत किमान एक मीटर रुंदीची पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. कडेची वाट तर नांगरायचीच नाही. मामांचं अर्धं आयुष्य पाणंदीच्या वादात तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवण्यात गेलं. त्यांनी विचारलं, "आणि नाही करून दिली तर?"

म्हटलं, काउंटी कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था, स्वतः माणसं लावून वाट मोकळी करू शकते आणि खर्चाचं बिल शेतकऱ्याला पाठवते.

"बिल?" मामा म्हणाले. "आणि तो भरतो?"