आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, फोटो कुणाकडंच नाही

पेपरात निधनवार्तांचा विभाग कुणी मागून घेत नाही, तो गळ्यात पडतो. माझ्याही पडला, पण पुढं मीच तो सोडला नाही. बाकी पानात काही चुकलं तर वाचक दुसऱ्या दिवशी विसरतो. रक्षाविसर्जनाची वेळ चुकली तर पंचगंगा स्मशानभूमीत माणसं ताटकळतात आणि दुपारपर्यंत आमचा फोन थांबत नाही.

त्या दिवशी दुपारी कळलं, ताई गेल्या. आकाशवाणीच्या निवृत्त निवेदिका. सांगली केंद्र 1963 साली सुरू झालं आणि आमच्या भागातल्या कित्येक घरांची सकाळ त्या केंद्रावरच उजाडू लागली. कोल्हापूरला स्वतःचं एफएम केंद्र नंतर आलं. निवृत्तीनंतर ताई इथं मुलाकडं राहायच्या, हे ऑफिसात कुणाला माहीतही नव्हतं. संपादक म्हणाले, "चार ओळींत नको, अर्धं पान घे."

पान घेतलं, पण फोटो कुठून आणायचा? आमच्या संग्रहात गल्लीतल्या नगरसेवकाचे पन्नास फोटो, ताईंचा एकही नाही. मुलाकडं निवृत्तीच्या समारंभाचा ग्रुप फोटो निघाला, त्यात निम्मा चेहरा हारात बुडालेला. मग आवाजाची एखादी क्लिप तरी वेबसाइटला लावू म्हटलं, तर तीही नाही. ताईंचं बहुतेक काम थेट प्रसारणातलं. टेपा महाग, म्हणून जे रेकॉर्ड व्हायचं तेही पुसून त्यावर पुन्हा रेकॉर्ड करायची तेव्हा रीत होती. आर्टिस्टनं जुन्या मायक्रोफोनचं चित्र टाकून पाहिलं. मी ते काढायला लावलं. माणूस गेल्यावर वस्तूचं चित्र कशाला?

तोवर आदरांजली यायला लागल्या होत्या. "आधारवड", "पर्व संपले", "न भरून येणारी पोकळी". ही पोकळी मी इतक्या वेळा छापलीय की आता हात आपोआप ती ओळ कापतो. एका ज्येष्ठ साहित्यिकांनी लांबलचक लेख पाठवला. तिसऱ्या परिच्छेदात ताई मागं पडल्या आणि त्यांची स्वतःची पुस्तकं सुरू झाली.

खरं काही हाती लागलं ते फोनवर. भुदरगडकडच्या एका शेतकऱ्यानं उसाच्या खोडकिडीबद्दल पोस्टकार्ड टाकलं होतं. ताईंनी ते पत्रोत्तराच्या कार्यक्रमात वाचलं. "गावाचं नाव रेडिओवर आलं म्हणून तालमीत पेढं वाटलं ओ," म्हणाले. पुढं म्हणाले, "ताईंना सर्दी झाली की आमच्या घरात आधी कळायचं."

केंद्रावरच्या त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं, की स्टुडिओत जाण्याआधी ताई हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवायच्या. किणकिण माईक पकडतो म्हणून. खात्री करायला मी ताईंच्या मुलाला विचारलं. तो थोडा वेळ गप्पच होता. मग म्हणाला, "आई ड्यूटीवरून आली की आधी बांगड्या घालायची. आम्हाला वाटायचं, बाहेर जाताना चोरीच्या भीतीनं काढत असेल."

ते मी सगळ्यात वर घेतलं. साहित्यिकांचा लेख सात ओळींवर आणला. डाक आवृत्तीची वेळ गाठायची होती आणि त्यातच कोपऱ्यात जाहिरात येऊन बसली, तेव्हा त्या सातमधल्याही दोन गेल्या. 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, 6 मे रोजी हे शहर 100 सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. मोठ्यांना आठवणं आम्हाला चांगलं जमतं. रोज घरात बोलणाऱ्या बाईसाठी मात्र जाहिरातीशी भांडावं लागतं. फोटो शेवटी पेन्शनच्या पुस्तकातला लावला: पासपोर्ट आकाराचा, कपाळावर आठी, जाड चष्मा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहित्यिकांचा फोन येणार हे ठरलेलंच होतं, तसा तो आला. त्यांना समजावून ठेवतोय तोवर गडहिंग्लजहून एक आजोबा.

"फोटू चुकलाय तुमचा."

"नाही आजोबा, त्यांच्या मुलानंच दिलाय."

"अवो, ह्या त्या न्हवंत. आमी काय आज ऐकतोय व्हय त्यास्नी?"

मी परत सांगितलं. त्यांना काही पटलं नाही. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापा म्हणाले आणि फोन ठेवला.