साइडपट्टीवरची फवारणी

श्रावणातल्या एका सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, सत्तरीतले एक शेतकरी आमच्या बांधकाम उपविभागाच्या कार्यालयात आले आणि उपरण्यात गुंडाळून आणलेले कपाशीचे झाड त्यांनी मुळासकट माझ्या टेबलावर, पॅचवर्कच्या अंदाजपत्रकावरच ठेवले. त्यांना गावात सगळे आबा म्हणतात आणि आमच्याकडे ते यापूर्वी एकदाच, शेताजवळची मोरी तुंबल्याची तक्रार घेऊन आले होते. या वेळी त्यांनी तक्रार सांगितलीच नाही. झाडाच्या शेंड्याकडे बोट करून त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, हाई कपाशी शे का भेंडी?"

प्रश्न रास्त होता. कपाशीचे पान पसरट, तीन ते पाच भागांत विभागलेले असते. या झाडाची खालची पाने तशीच होती, मात्र शेंड्याकडची पाने अरुंद होऊन लांबलेली, बोटांसारखी फाटलेली होती आणि त्यांच्या शिरा जाड होऊन एकमेकींना समांतर धावत होत्या. माझे शिक्षण स्थापत्य अभियांत्रिकीचे; रोपाचे दुखणे मला काय कळणार, असे म्हणून मी त्यांना कृषी कार्यालयाची वाट दाखवू शकलो असतो. परंतु त्यांचे शेत आमच्या एका ग्रामीण मार्गाला लागून आहे आणि त्या मार्गाच्या दोन्ही साइडपट्ट्यांवर, म्हणजे डांबराच्या दोन्ही कडांना असलेल्या मुरमाच्या पट्ट्यांवर, अडीच-तीन आठवड्यांपूर्वी मी तणनाशक मारून घेतले होते, हे आठवताच माझ्या हातातले पेन खाली गेले.

फवारणीचे कारण सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळणार नाही. तापीच्या दक्षिणेकडचा हा पट्टा काळ्या मातीचा आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसून भेगाळते, त्यामुळे डांबराखालच्या थरांत पाणी मुरू न देणे हे इथल्या रस्त्याच्या देखभालीतले मुख्य काम ठरते. पावसाचे पाणी डांबरावरून साइडपट्टीवर आणि तिथून नालीत उतरावे यासाठी साइडपट्टीला बाहेरच्या बाजूस, डांबरी भागापेक्षा थोडा जास्त उतार ठेवलेला असतो. तिथे गाजर गवत माजले की त्याच्या बुडख्यांशी गाळ अडतो, दोन-तीन पावसाळ्यांत साइडपट्टी डांबरापेक्षा उंच होते आणि पाणी कडेलाच साचून राहते. मग कडा तुटू लागतात, पावणेचार मीटरचा रस्ता तीन मीटरचा होतो आणि समोरून उसाची किंवा केळीची गाडी आली की मोटारसायकलवाल्याला खाली उतरण्यावाचून गत्यंतर राहत नाही. लोक खड्ड्यांविषयी बोलतात. आमच्या ग्रामीण रस्त्यांचे आयुष्य मात्र मला कडेकडूनच संपताना दिसले आहे.

गाजर गवताला आमच्याकडे काँग्रेस गवत म्हणतात, कुणी चटक चांदणी म्हणतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि त्यानंतर त्याने देशाचा कुठलाही रस्ता सोडला नाही. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते. त्याच्या उच्चाटनाचा जागृती सप्ताह दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो आणि त्याची पत्रे आमच्याकडेही येतात. पण मृगाच्या पावसावर उगवलेले गवत खान्देशात तोवर फुलून गेलेले असते, तेव्हा हा सप्ताह आमच्यापुरता तरी महिनाभर उशिरा येतो असे माझे मत आहे. गवत हाताने उपटणाऱ्या मैलकामगारांपैकी (रस्त्याची देखभाल करणाऱ्या आमच्या मजुरांपैकी) दोघांच्या मनगटापासून कोपरापर्यंत चट्टे उठलेले होते आणि एकाला तर उन्हात उभे राहणे अवघड झाले होते. त्यातच, या गवतावर पिठ्या ढेकूण ही रस शोषणारी कीड पोसली जाते आणि तिथून कपाशीवर येते, म्हणून रस्त्याकडेचे गवत काढा अशी मागणी त्याच गावाच्या ग्रामसभेने केली होती. आबाही त्या सभेला होते.

सात किलोमीटरच्या दोन्ही बाजू हाताने उपटायला माणसे नव्हती. म्हणून मी तणनाशकाची मागणी केली आणि निवडही मीच केली, हे इथे स्पष्ट लिहितो. ग्लायफोसेट सगळेच हिरवे मारते. साइडपट्टीवरचे हरळीसारखे गवत मात्र मला हवे होते, कारण त्याची मुळे मुरूम धरून ठेवतात. २,४-डी हे औषध गवतवर्गीय वनस्पतींना फारसा धक्का न लावता रुंद पानांचे तण मारते. रस्त्याच्या दृष्टीने ही निवड अचूक होती. रस्त्यापलीकडे जे पीक उभे आहे तेही रुंद पानांचे आहे, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. माझ्या नकाशावर रस्त्याच्या हद्दीची रेषा होती आणि त्या रेषेपलीकडे कोरा कागद होता.

दुपारी एक वाजता आबा, आमचे मुकादम नाना, गावच्या कृषी सहायक ताई आणि मी असे चौघे रस्त्यावर उभे होतो. ताईंनी झाड हातात घेतले आणि औषधाचे नाव विचारले. मी सांगताच त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. २,४-डी हे वनस्पतीच्या वाढीच्या संप्रेरकासारखे काम करते, कपाशी त्याला इतकी हळवी आहे की वाऱ्याने आलेला अंशही तिला पुरतो, आणि पोपटी कोवळ्या शेंड्यावर परिणाम होऊन त्यानंतर येणारी पाने भेंडीसारखी निघतात, असे त्या म्हणाल्या. खालून मोजत त्यांनी शाबूत पाने आणि बिघडलेली पाने वेगळी केली आणि साधारण कोणत्या आठवड्यात औषध लागले असेल ते सांगितले. मी खिशातल्या डायरीत पाहिले. तो आमचाच आठवडा होता.

रस्ता तिथे दक्षिणोत्तर जातो. पश्चिमेकडच्या शेतात एकही झाड बिघडलेले नव्हते. पूर्वेकडे, म्हणजे आबांच्या बाजूला, बांधालगतच्या पहिल्या चार-पाच ओळी पार वाकड्या झाल्या होत्या, दहाव्या ओळीत दर दोन झाडांमागे एक बिघडलेले दिसत होते आणि विसाव्या ओळीनंतर शोधूनच काढावे लागत होते. मधे एका ठिकाणी रस्त्याकडेला कडुनिंबांची दाट रांग आहे. तिच्या आडोशाची कपाशी पहिल्या ओळीपासून निरोगी होती. पावसाळ्यात आमच्याकडे वारा नैर्ऋत्येकडून येतो, हे कुणाला सांगावे लागत नाही. शेतात कुणीतरी खडूने आराखडा काढून ठेवावा तसा तो वारा त्या कपाशीत उमटला होता.

नानांनी मग जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. आषाढात तीन दिवस उघडीप मिळाली, तेव्हा काम आटोपून घ्यावे म्हणून दुपारी बारा ते चार फवारणी केली. त्या वेळी वारा होता, पण तेवढा वारा रोजच असतो. पंपांना कीटकनाशकाचे, धुक्यासारखा बारीक तुषार उडवणारे नोझल होते. तणनाशकासाठी मोठे थेंब पाडणारे वेगळे नोझल लागते, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हते. बाटलीवर 'इथाइल एस्टर' असे छापलेले होते. हा प्रकार उन्हात वाफ होऊनही उडतो, हे ताईंनी सांगेपर्यंत मी ते लेबल शेवटपर्यंत वाचलेले नव्हते.

आबांचे प्रकरण तिथे उलगडले. आम्ही रस्त्यावर परत आलो तर तिथे दुसरे एक शेतकरी, तिशीतले, हातात तशीच दोन रोपे घेऊन उभे होते. त्यांचे शेत रस्त्यापासून किलोमीटरभर आत, नाल्याच्या काठी होते. तिथपर्यंत आमचा वारा जाणार नाही, असे मी म्हणालो आणि म्हणताना मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

ताई म्हणाल्या, आधी शेत बघू. चिखल तुडवत तिथे गेलो. तिथे उतरती रेषा नव्हती. बांधालगत जास्त आणि आत कमी असा प्रकार नव्हता. नाल्याकडच्या कोपऱ्यातल्या आठ-नऊ ओळी पूर्ण बिघडल्या होत्या, पुढच्या तितक्याच ओळींत नुकसान निम्मे होते, त्यापुढच्या पट्ट्यात किरकोळ, आणि शेताचा राहिलेला भाग स्वच्छ होता. पट्टे जवळजवळ सारख्या रुंदीचे होते. ताईंनी त्या शेतकऱ्यांना विचारले, "दादा, मावा-तुडतुड्यासाठी फवारणी केली होती का, आणि सुरुवात या कोपऱ्यातून केली होती का?" त्यांनी मान हलवली. एका पंपात किती ओळी होतात, असे विचारल्यावर ते म्हणाले, आठ-नऊ.

नाना तोवर माझ्या मागे गप्प उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी विचारले, "पंप कोणाचा?"

"पंप मनाच शे," ते म्हणाले आणि थोडे थांबून नानांकडे पाहू लागले. आमचे दोन पंप नादुरुस्त होते, म्हणून नानांनी गावातून दोन पंप मागून आणले होते आणि त्यांतला एक यांचा होता. काम झाल्यावर तो परत केला गेला. परत करण्यापूर्वी धुतला होता का, असे मी नानांना विचारले, तर उत्तर त्या शेतकऱ्यांनीच दिले: "पानी मारीसन धुयेल व्हता, साहेब. मीच देखं." नुसत्या पाण्याने हे औषध पंपातून, नळीतून आणि वायसरमधून निघत नाही, पहिल्या पंपात जे उतरले त्याने पहिला पट्टा गेला, दुसऱ्यात उरलेल्याने दुसरा. आम्हाला मदत केलेल्या माणसाचे नुकसान आबांपेक्षा जास्त झाले होते आणि त्यासाठी वाराही लागला नव्हता.

तलाठी आल्यावर पंचनामा झाला. औषधाचे नाव, तारीख, नोझल, मागून आणलेला पंप, सगळे मी माझ्या जबाबात लिहिले. वरिष्ठांनी 'पंप' हा परिच्छेद गाळता येईल का, असे सुचवून पाहिले. तो मी ठेवला. भरपाईची गोष्ट मात्र लांबली, कारण अतिवृष्टीच्या नुकसानीला लेखाशीर्ष, म्हणजे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे ते शीर्षक, आहे, आमच्या हाताने झालेल्या नुकसानीला ते सापडत नव्हते, आणि आजही ती फाइल दोन टेबलांच्या मधे कुठेतरी आहे. नाना आणि मी मिळून त्या दुसऱ्या शेतकऱ्यांना नवा पंप घेऊन दिला. त्यांनी तो दोनदा नाकारला आणि तिसऱ्यांदा घेतला.

या औषधावर उतारा नसतो. ताईंच्या सांगण्यावरून बिघडलेले शेंडे खुडले, युरियाची हलकी फवारणी केली, आणि कमी बाधलेल्या ओळींना महिन्याभरात पुन्हा सरळ पाने फुटली. आबांच्या पहिल्या पाच ओळींना बोंडे जवळजवळ धरलीच नाहीत. दिवाळीनंतर वेचणी चालू असताना मी त्या रस्त्याने जात होतो, तेव्हा पांढऱ्या शेताच्या कडेला ती हिरवी, बिनकापसाची पट्टी रस्त्यावरूनही ओळखू येत होती.

पुढच्या वर्षी मी कामाची विभागणी बदलली. जिथे रस्त्यालगत कपाशी आहे तिथे फवारणी बंद केली. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले आणि जमीन ओली असली की, गवत फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून ते मुळासकट उपटायचे ठरवले. उपटलेल्या जागी टाकळ्याचे बी फेकले, कारण टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. मिठाच्या २० टक्के द्रावणाचाही उपाय सांगतात, पण काळ्या मातीच्या शेताच्या उशाशी मीठ ओतायला माझे मन धजावले नाही. कार्यालयाच्या दोन पंपांना लाल पट्टा रंगवला आणि ते तणनाशकाखेरीज कशालाही वापरायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत आणि कुणाकडून आणायचे नाहीत, असे नानांनी भिंतीवर लिहून ठेवले.

जूनअखेर आबांच्या शेताजवळ उपटणी चालू होती. आबा बांधावर बसून पाहत होते. सकाळभर ते काही बोलले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ते उठून रस्त्यावर आले, आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वाकून पाहिले, तिथे पंप नाही याची खात्री करून घेतली आणि मग मला म्हणाले, "साहेब, मना बांधवरलं बी उपटी ल्या."

बांध रस्त्याच्या हद्दीबाहेर होता आणि हजेरीपटावर ते काम दाखवता येण्यासारखे नव्हते. नानांनी माझ्याकडे पाहिले नाही. डबा बंद करून ते दोन बायांना घेऊन बांधाकडे निघाले आणि हातमोज्यांचा तिसरा जोड काढून मीही त्यांच्या मागे गेलो.